खोगीर आणि खांदशेकणी

मराठी भाषेच्या पागेत अजून घोड्यांची चंगळ आहे. उशीर झाला की वरातीमागून घोडे येते, काम रखडले की घोडे पेंड खाते, खऱ्याखोट्याचा निकाल लागायचा असला की घोडामैदान जवळच असते, आणि एखाद्या समितीवर निरुपयोगी मंडळींचा भरणा झाला की ती खोगीरभरती ठरते. भाषेबाहेर पाहावे तर घोडा आहे कुठे? मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. गावोगावचे टांगे रिक्षांनी केव्हाच हुसकावले. उरला तो माथेरानचा घोडा, शर्यतीचा घोडा, आणि लग्नातली घोडी.

त्यामुळे वाक्प्रचारांचा तास आला की दर वर्षी एखादा विद्यार्थी उभा राहून विचारतोच, "सर, खोगीर म्हणजे काय?" मग मी सांगतो की, बाबा रे, खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची जाड गादी. गादीत काय भरले आहे ते वरून दिसत नाही. तेव्हा करणाऱ्याने हाताला लागतील त्या चिंध्या कोंबायच्या आणि वरून टाके घालून मोकळे व्हायचे. त्यावरून खोगीरभरती. वर्ग हसतो, मी पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो.

एकदा मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तास संपल्यावर तो माझ्यामागून आला आणि म्हणाला, "सर, त्या चिंध्यांची गाठ घोड्याले टोचत असंल, त्याचा काही वाक्प्रचार नाई का जी?"

वाचकहो, माझ्या नोकरीत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, पण भाषेने जिथे विचार करायचे सोडून दिले तिथे बोट ठेवणारा प्रश्न क्वचितच आला. हा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचा. त्याच्या मोठ्या काकांकडे, म्हणजे त्याच्या भाषेत मोठेबाबांकडे, शेती, बैलजोडी आणि वरातीला देण्याच्या दोन घोड्या. बी.ए. होऊन तो गावी गेला, आणि यंदा पोळ्याच्या सुमारास त्याचा फोन आला. "सर, तुमी एकदा घरी या. एक सर्टिफिकिटाचा मामला हाये. मोठेबाबा म्हणतात, गुरुजींनी हो म्हटलं तर पैसे देतो."

आमच्या सौभाग्यवतींनी ऐकले आणि त्या म्हणाल्या, "घोड्याच्या सर्टिफिकिटासाठी मराठीचा प्राध्यापक! तिकडे गाढवं नाहीत वाटतं विचारायला?" असो. मी पिशवी भरली.

अमरावतीहून यवतमाळ गाठावे, तिथून दारव्ह्याची एस.टी. धरावी, आणि अडाण नदी आली की उतरायची तयारी करावी. ही अडाण पुढे पैनगंगेला मिळते. श्रावणाच्या अखेरीस तिचे पाणी गढूळ असते आणि दोन्ही अंगांना काळ्या रानात कपाशी कमरेएवढी झालेली असते. या मुलखात पूर्वी शकुंतला नावाची नॅरोगेज आगगाडी धावत असे. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या कापसासाठी घातलेला हा रस्ता मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला येई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता यवतमाळची शकुंतलाही धावत नाही.

गावाच्या नावातल्या 'अरब' या शब्दाने मराठी माणसाच्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक अरब शिपायाचे. १८१७ साली सीताबर्डीला आणि नंतर नागपूरच्या वेढ्यात भोसल्यांच्या बाजूने चिवटपणे लढलेले अरब इतिहासात प्रसिद्धच आहेत. दुसरे चित्र अरबी घोड्याचे. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून गलबते भरभरून हे घोडे मुंबई बंदरात उतरत आणि पलटणीत, शर्यतीत, संस्थानिकांच्या पागेत जात. अशी चित्रे घेऊन मी एस.टी.तून उतरलो. कानांवर आली ती ट्रॅक्टरची फटफट, आणि समोर आला तो मोटारसायकल घेऊन माझा विद्यार्थी.

वाटेत त्याने मामला सांगितला. परदेशातली एक संस्था मोबाईलवरून एक अभ्यासक्रम शिकवते. घोड्याला खोगीर नीट बसते आहे की नाही हे तपासायचे, नसेल तर बसते करायचे, आणि घोड्याच्या अंगाला मालिश करून त्याचे आखडलेले स्नायू मोकळे करायचे. सहा आठवड्यांत प्रमाणपत्र. फी मात्र एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीएवढी. पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत असे जाणकार बोलावले जातात, त्यांना मेहनताना चांगला मिळतो, हे त्याने ऐकले होते. घरात एकच प्रश्न होता. हा कागद घ्यावा की बैल घ्यावेत?

मोठेबाबा ओसरीवर वाटच पाहत होते. साठीचा, उंच, काटक माणूस. "या जी गुरुजी, बसा. चहा मांडा वो," असे आत ओरडून त्यांनी मला थेट गोठ्यात नेले. डावीकडे बैलजोडी, उजवीकडे दोन घोड्या, एक पांढरी, एक तांबडी.

तांबडीच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या दोन्ही अंगांना, रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके होते. मोठेबाबा अभिमानाने म्हणाले, "सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. यापारी म्हणे, हे शुभलक्षण हाये. लक्ष्मीची बोटं." नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार नामांकित आहे, आणि घोडा घेताना भोवरे, ठिपके, पट्टे पाहण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. तेव्हा मी मान डोलावणारच होतो. तेवढ्यात मुलगा हळू आवाजात म्हणाला, "लक्ष्मी नाई मोठेबाबा, खोगीर. जिथं खोगीर लई दिवस दाबते, तिथं केसाच्या मुळाचा रंग मरते. मग नवा केस पांढरा येते."

मोठेबाबा काही बोलले नाहीत. पांढऱ्या घोडीच्या पाठीवर पोत्याचा तुकडा टाकलेला होता, तो त्यांनी स्वतःच उचलला. खाली त्याच जागी ओली जखम होती. जुलैतल्या शेवटच्या वरातीची. पांढऱ्या घोडीला पांढरे ठिपके उठून दिसत नाहीत, एवढाच काय तो दोघींतला फरक.

मग त्या मुलाने मला जे दाखवले ते मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि आपल्यापैकीही बहुतेकांनी पाहिले नसेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्याने तांबडीला सपाट जमिनीवर चारही पाय सारखे टेकवून उभे केले. खोगीर नाही, नुसती पाठ. मानेच्या मुळापासून कंबरेपर्यंत तळवा सावकाश फिरवला. कुठे हाताला ऊन लागते, कुठे मांस दगडासारखे लागते, कुठे कातडी थरथरते, कुठे घोडी कान मागे टाकते किंवा पाठ खाली दबवते, हे तो मला माझा हात धरून दाखवत होता. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या. स्वाराचे वजन मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर आणि त्याखालच्या फासळ्यांवर पसरले पाहिजे. मणक्यांच्या रांगेला खोगिराचा स्पर्शसुद्धा होता कामा नये, म्हणून खोगिराच्या पोटाशी मधोमध पन्हळ हवी. पुढे खांद्याचे हाड मोकळे हलले पाहिजे. मागे शेवटच्या फासळीपलीकडे खोगीर जाऊ नये, कारण तिथून पुढे पाठीला खालून आधार नाही. काही खोगिरे पुलासारखी असतात, पुढे टेकतात, मागे टेकतात, मध्ये अधांतरी. मग सगळे वजन चार ठिकाणी बोचते.

आणि सर्वांत सोपी परीक्षा घामाची. स्वारी झाल्यावर खोगीर उतरवले की पाठ सारखी भिजलेली दिसली पाहिजे. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग राहिला, तर तिथे दाब जास्त आहे असे समजावे. हे एकदा पाहून भागत नाही. चारा, काम, वय, ऋतू यांनी पाठ बदलत असते. अक्षय तृतीयेला बसलेले खोगीर तुळशीच्या लग्नाला बसेलच असे नाही. आपण पोराच्या पायाला दर वर्षी नवे बूट घेतो, घोडीला मात्र बापजाद्यांचे खोगीर चालवतो.

"हे सगळं कुठं शिकलास?" मी विचारले.

"थोडं मोबाईलवर पाहून, थोडं मोठेबाबापाशी. घामाचं त्यांनीच सांगतलं."

मोठेबाबा हसले. "आमच्या आज्याले ठाऊक होतं. आता घोडी पाठीनं नाई चालत गुरुजी, तारखेनं चालते. तुळशीच्या लग्नापासून अकरा तारखा धरल्या हायेत. इसार घेतला हाये."

इथे माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. माणसाने प्राण्याच्या पाठीवर बसायचे ठरवल्या दिवसापासून या विद्येचा दाखला कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न चालत आलेला आहे. विराटाच्या दरबारी नकुल ग्रंथिक या नावाने गेला तेव्हा, धर्मराजाच्या घोड्यांची देखभाल मी करीत असे, एवढीच त्याची शिफारस होती. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव घेतात, आणि त्याच्याच नावावरून उत्तरेकडे घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणू लागले. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा आणि बारगिराचा सरकारी पागेतला असे. स्वतःच्या घोड्याची पाठ माणूस आपणहून जपतो. सरकारी घोड्याची कोण जपणार? चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. सनद कोणाकडे आहे हा प्रश्नच त्या पत्रात नाही. घोडी मेली तर जबाब कोणी द्यायचा, एवढेच त्यात बजावून सांगितले आहे.

इंग्रजांनी हा धडा दुसऱ्या रीतीने गिरवला. फ्रेडरिक स्मिथ नावाच्या त्यांच्या लष्करी पशुवैद्याने १८९१ साली केवळ खोगिरे आणि पाठीच्या जखमा या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तरीही १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांवर घोडे खलास झाले. सगळे काही खोगिराने मेले नाहीत. उपासमार, अतिश्रम आणि रोगराई यांनी पुष्कळ मेले. पण पाठ फुटलेला घोडा रणात निकामी, हे लष्कराने कायमचे ओळखले. आपल्या लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचे केंद्र आज मीरतला आहे, आणि तिथे नाल ठोकण्यासारखी कामे रीतसर शिकवली जातात. कानपूरची खोगिरे तर जगभर जातात. इंग्रजांनी १८५७ नंतर तिथे सरकारी कारखाना काढला, आणि आज 'कानपूर सॅडलरी' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे.

खोगीर करणारे निराळे आणि ते पाठीवर बसवून पाहणारे निराळे, ही वाटणी अलीकडची. इंग्लंडात वॉल्सॉल हे खोगिरांचे गाव, इतके की तिथल्या फुटबॉल संघालाही 'सॅडलर्स' म्हणजे खोगीरवाले म्हणतात. त्या देशात १९६६ साली सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स स्थापन झाली. खोगीर बसवणाऱ्याला ती परीक्षा घेऊन पात्रता देते, पण त्याआधी जाणत्याच्या हाताखाली काम केलेले असावे लागते, आणि परीक्षा जिवंत घोड्यावर द्यावी लागते. मालिशीचेही असेच. अमेरिकेत जॅक मेहर हा माणसांना, खेळाडूंना मालिश करणारा गृहस्थ. १९७० नंतरच्या दशकात त्याने तीच विद्या घोड्यांवर चालवली, आणि १९७६ च्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या घोडेस्वार पथकाच्या घोड्यांना त्याचा हात लागला. ब्रिटनमध्ये मात्र १९६२ च्या सरकारी आदेशापासून घोड्यावर फिजिओथेरपी करायची ती पशुवैद्याच्या देखरेखीखाली. आपल्याकडे १९८४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच औषधोपचार करता येतो. तेव्हा मालिशवाल्याने ताप, सूज, जखम दिसली की हात मागे घ्यायचा आणि डॉक्टरला बोलवायचे, ही या विद्येची पहिली मर्यादा झाली.

एवढे सगळे मनात घोळवून मी मुलाला चार प्रश्न लिहून दिले. शिकवणारा कोण, आणि त्याने किती पाठी हाताळल्या आहेत? परीक्षा घेणारा शिकवणाऱ्याहून वेगळा आहे की तोच? परीक्षा घोड्यावर होते की पडद्यावर? आणि तुझ्या हातून घोड्याला इजा झाली, तर हा कागद देणारी संस्था तुला जाब विचारील काय? मुलाने तिथेच मोबाईलवरून इंग्रजीत प्रश्न धाडले. तासाभरात उत्तर आले. शिकवणाऱ्याबद्दल दोन ओळी होत्या. परीक्षा पडद्यावर होती. आणि चौथ्या प्रश्नाऐवजी पंधरा दिवसांत पैसे भरल्यास फीत सवलत होती. मी मोठेबाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे यात घोडा कुठंच नाई?"

आता खांदशेकणीचे सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या मानेला त्या दिवशी जू लागत नाही. बैलाला न्हाऊमाखू घालतात, खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावतात, पळसाच्या पानांनी ऊन पाण्याने शेकतात, आणि मग हात जोडून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. शहरात आपण मातीचे बैल पुजतो आणि पुरणपोळी खातो. हा आदला दिवस आपल्या कॅलेंडरात राहिलेला नाही.

दिवस कलला. मोठ्याईंनी परातीत हळद-तूप कालवून आणले. मोठेबाबा बैलापाशी बसले आणि त्यांचा हात त्याच्या खांद्यावर फिरू लागला. मी पाहत होतो. सकाळी मुलाचा हात घोडीच्या पाठीवर जसा फिरला होता, अगदी तसाच. तळवा सपाट, बोटे सैल, मध्येच थांबून ऊन लागते का ते पाहणे, बैलाने मान आखडली की दाब कमी करणे. एके ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "इथं गाठ हाये. डाव्या अंगाचं जू जड हाये. उद्या सुताराकडून तासून आणा." हे ज्ञान कोणत्या अभ्यासक्रमात आहे? त्याला कागद नाही, फी नाही, पण परीक्षक दर वर्षी समोर उभा राहतो, चार पायांवर.

बैल झाले. मोठेबाबा हात धुवायला उठले, तेव्हा मुलगा म्हणाला, "मोठेबाबा, बैलाचा खांदा शेकता, मंग घोडीची पाठ काहून नाई?"

गोठ्यात क्षणभर शांतता झाली. मला वाटले, म्हातारा आता रागावणार. घरात अकरा तारखांचा इसार खर्च झालेला होता, हे मला ठाऊक होते. कास्तकाराच्या घरात कापूस विकेपर्यंत रोकड येते कुठून? वरातीच्या घोडीवरच तर सणवार निघतात. मोठेबाबा घोडीपाशी गेले. जखमेला हात न लावता तिच्या मानेवरून तळवा फिरवीत उभे राहिले. मग मोठ्याईंकडे न पाहताच म्हणाले, "आण वो ते खोगीर इकडे. आणि सुरी."

ते लग्नाचे खोगीर, लाल मखमलीचे, जरीच्या झालरीचे, आरशांच्या टिकल्यांचे. दिव्याच्या उजेडात डोळे दिपावेत असे. त्यांनी ते उलटे केले आणि पोटाचे टाके उसवले. आतून काय निघावे? गोणपाटाचे तुकडे, सुतळी, एका जुन्या पायजम्याची नाडीसकट पट्टी, आणि बरोबर जखमेच्या जागी येणारा, मुठीएवढा आवळून बसलेला चिंध्यांचा गोळा. वर्षानुवर्षे मी ज्या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत आलो, तो अर्थ माझ्या पुढ्यात पसरलेला होता. कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला. बैलांच्या शिंगांना बेगड लागली, तोरणाखाली गावची बैले उभी राहिली, वाजंत्री वाजली. मी पुरणपोळी खाऊन संध्याकाळच्या एस.टी.ने निघालो. निघण्यापूर्वी तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यांनी जखम पाहिली. औषध दिले, आणि कातडी पुरती धरेपर्यंत पाठीवर काही घालायचे नाही, असे बजावले. कायद्याचेही म्हणणे तेच आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जखमी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. १९६५ च्या नियमांत तर पाठीवर ओझे वाहणाऱ्या तट्टाला ७० किलो ही मर्यादा घालून दिली आहे. नवरदेव म्हणजे ओझे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण आजकालचे नवरदेव, त्यांचा फेटा, तलवार, पुढे बसवलेला भाचा, आणि ते खोगीर यांचे वजन एकदा काट्यावर करून पाहावे. घोडीला मंगलकार्य आणि ओझे यांतला फरक पाठीने कसा कळणार?

म्हणून, शहरातल्या वाचकहो, एक विनंती करतो. आता लग्नसराई येईल. आपल्या घरच्या वरातीला घोडी ठरवाल तेव्हा बँडची गाणी आणि झालरीचा रंग ठरवता तसे, मालकाला एवढे म्हणा, "खोगीर उतरवून पाठ दाखवा." तो दाखवायला कां कूं करू लागला तर दुसरी घोडी पाहा, नाहीतर नवरदेवाला मोटारीत बसवा. आपण विचारू लागलो की मालकही पाठ पाहू लागतील. आणि पाठ पाहायला येणारा, खोगीर सारखे करून देणारा माणूस गावाला लागेल. त्याला पोटापुरते मिळाले तरच ही विद्या मोठेबाबांच्या हातातून पुढच्या हातात जाईल. कागद नको असे मी म्हणणार नाही. कागदावर जगणारा मी माणूस आहे. एम.ए.चा कागद नसता तर मला वर्गात कोणी उभे केले असते? अनोळखी मालकाने अनोळखी माणसाच्या हाती घोडी द्यायची तर मध्ये काहीतरी दाखला लागतोच. पण तो देणाऱ्याने आधी पाठीवर हात ठेवायला लावला पाहिजे, आणि चुकले तर काढून घेतला पाहिजे. मीरतच्या लष्करी केंद्राजवळ, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाजवळ, मुंबईच्या १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयाजवळ ज्ञान आहे. बोरी अरबसारख्या गावांच्या गोठ्यांत हात आहेत. या दोहोंची गाठ घालून देणारी दोन-तीन महिन्यांची एखादी शाळा, तीही मराठीत, काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे.

हा लेख छापखान्याकडे जात असताना मुलाचा फोन आला. परदेशी संस्थेला त्याने नकार कळवला आहे. फीचे पैसे बैलजोडीलाही गेले नाहीत. त्यातून पहिल्या चार तारखांचा इसार परत दिला गेला. त्या वराती दारव्ह्याच्या एका घोडीवाल्याला मिळाल्या. मोठेबाबांना ते झोंबले आहे, पण बोलत नाहीत. धनगराकडून लोकर आणून, गादीवाल्याकडून पिंजून, खोगीर नव्याने भरले आहे, मधोमध पन्हळ ठेवून. दिवाळीनंतर मुलगा पुण्याला एका खोगीरवाल्याच्या हाताखाली जातो आहे. पगार जेमतेम, राहायची सोय तबेल्याच्या माडीवर.

"आणि पांढरी कशी आहे?" मी विचारले.

"कातडी धरली सर. केस येऊन राह्यले." मग जरा थांबून तो म्हणाला, "मोठेबाबा रोज सांजेले हात फिरवतात. आज म्हणाले, सरांले सांग, तांबडीची बी पाठ शेकली."

मागून मोठेबाबांचा आवाज आला, "अन् गुरुजींले म्हणा, पुढच्या पोळ्याले या, दोन दिवस आधी!"

आमच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "जा की. पण या खेपेला मलाही न्या. मला ते हळद-तूप लावताना बघायचंय."

पुढच्या पोळ्याची तारीख मी पंचांगात आताच पाहून ठेवली आहे.